नीलाबाई, त्याले सांगा

मुखरू आत्रामशी मी जमिनीवर शेवटचं सरळ बोललो तेव्हा आमच्या दोघांच्याही मिशा काळ्या होत्या. त्यानंतर जे काही बोलायचं ते नीलाबाईच्या मार्फत. तिचं चहाचं दुकान खदानीच्या गेटसमोर, बाभळीखाली. दुकानाला एकच बाक. त्याच्या एका टोकाला मुखरू, दुसऱ्या टोकाला मी, आणि मधे एक माणूस बसेल एवढी जागा.

"नीलाबाई," मुखरू म्हणायचा, "त्याले सांगा, पेपरात त्याच्या पुढाऱ्याचा फोटो आला. जावयाच्या पेट्रोल पंपाचं उद्घाटन करून राह्यला."

हे मी हातभर अंतरावरून ऐकलेलं असे. तरी नीलाबाईनं "मुखरूभाऊ म्हंते का..." अशी सुरुवात केल्याशिवाय मी मान वळवत नसे. मग मी म्हणायचो, "त्याले सांगा, फोटोले तोंड लागते. त्याच्या पुढाऱ्याच्या तोंडात कवळीसुद्धा टिकत नाई."

नीलाबाई हे न हसता पोचवायची. पोस्टात असती तर बाईला बढती मिळाली असती. नवीन गिऱ्हाइकांना वाटे, हे दोन म्हातारे वेडे आहेत. वेडे नव्हतो. दोन युनियनचे होतो.

माझा बाप खाजगी मालकाच्या काळात या खदानीत उतरला तेव्हा पायात चप्पल आणि डोक्याला फडकं. छत पडून माणूस मेला तर मुकादम दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी त्याचाच भाऊ उभा करायचा. मग लाल झेंडा आला. त्याच्या मागून बूट आले, टोपी आली, टोपीवर बत्ती आली. बाप सांगायचा, पहिल्यांदा बूट मिळाले तेव्हा लोकांनी ते घरी नेऊन देवापुढे ठेवले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चपलेवरच कामाला आले. त्या वेळी युनियन एकच होती. तिला नाव घेऊन बोलावायची गरज पडत नसे. पुढे खदान सरकारी झाली, क्वार्टर मिळाली, अंगणात नळ आला, आणि पोट भरल्यावर माणसाला मतं फुटतात तशी आम्हालाही फुटली. तोवर मी खदानीत लागलो होतो, कोळशाचे डबे उतारावरून ओढणाऱ्या दोरावर. मुखरू माझ्या बरोबरीचा. धानोऱ्याच्या पलीकडच्या जंगलातल्या गावाहून आलेला, टिंबर मिस्त्री. म्हणजे भुयाराचं छत खाली येऊ नये म्हणून लाकडी खांब ठोकणारा.

मुखरू लालमध्ये राहिला. मी नव्या युनियनमध्ये गेलो, कारण तिचा पुढारी माझ्या गावचा होता आणि मला अक्षर बरं होतं म्हणून त्यानं पत्रकं लिहायला बसवलं. आमचा झेंडा पिवळा. हळदीचा शुभ रंग म्हणून पुढाऱ्यानं निवडला. कंपनीच्या ताटाखालच्या युनियनला शिकलेली माणसं 'पिवळी युनियन' म्हणतात, हे आम्हाला झेंडे शिवून झाल्यावर कळलं. कापड परत घ्यायला दुकानदार तयार नव्हता.

तरी आमचीही कामं होत. बदली, रजा, दवाखान्याची चिठ्ठी, या गोष्टी लालवाले मोर्चा काढून मागत आणि आमचा पुढारी साहेबाच्या केबिनमध्ये बसून आणत असे. आमच्यातलं कोणी वारलं की मॅनेजरसाहेबाकडून निशिगंधाचा हार यायचा. मला त्या हाराचा अभिमान वाटे. लालवाल्यांची रीत वेगळी. त्यांच्यातला माणूस गेला की तिरडी आधी खदानीच्या गेटवर थांबायची. अंगावर लाल झेंडा. एक जण ओरडायचा, "कॉम्रेड अमुक अमुक को..." आणि पाळीला चाललेली, पाळीहून आलेली सगळी काळी तोंडं एकदम म्हणायची, "लाल सलाम!" मग पुढे स्मशान.

"तुमच्यात हार येते," मुखरू म्हणायचा. "आमच्यात मानसं येते."

आमचा अबोला मोठ्या संपात झाला. संप अंगावर येत होता, घराघरांत चुली थंड, आणि एका दुपारी आमचा पुढारी ऑफिसात गेला तो समेट करूनच बाहेर आला. आम्ही म्हटलं, त्यानं वाचवलं. लालवाले म्हणाले, विकलं. पुढच्या निवडणुकीत त्याला तिकीट मिळालं, त्यामुळे आमचं म्हणणं जरा लंगडं पडलं ते पडलंच. मुखरूनं गेटवर माईक हातात घेतला आणि माझं नाव घेऊन सांगितलं, "या नानाजी बुरांडेले कावीळ झाली हाय. याच्या संग बोलाल त तुमालेबी लागन." लोक पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी मी आमच्या माईकवरून जाहीर केलं की मुखरू आत्राम पाया पडत आला तरी मी त्याच्याशी बोलणार नाही. तो कशाला पाया पडतोय. पण चारचौघांत बोललेला शब्द माणसाच्या गळ्यात घंटेसारखा बांधला जातो. काढायचा तर आवाज होतो.

हे सगळं वर. खाली तसं नव्हतं.

खाली पार्टी नाही, असा खदानीचा जुना नियम होता. कुणी लिहिलेला नव्हता, पण मोडलेला मी पाहिला नाही. उतारावरून भुयारात शिरलं की लाल-पिवळं संपलं, कारण छताला झेंडा दिसत नाही. मुखरू पुढे जाऊन लोखंडी गजानं छत ठोकायचा आणि कान लावायचा. छत पक्कं असलं तर टणटण वाजतं, सुटलेलं असलं तर भद्द आवाज येतो. मग तो सरळ माझ्याकडे वळून बोलायचा. "नानाजी, इकडून ये." "नानाजी, पाय काढ." "नानाजी, डबा आनला का? काय हाय?" जेवायला आम्ही खांबाला टेकून शेजारी बसायचो. त्याच्या डब्यात मोहाची भाकर असली तर अर्धी मला. मग पाळी संपायची, आम्ही उजेडात यायचो, बत्ती जमा करायचो, आणि गेटबाहेर पडताना तो तोंड एका बाजूला करायचा, मी दुसऱ्या.

खदान बंद होणार असं कळलं तेव्हा दोन्ही युनियननी मोर्चे काढले, वेगवेगळ्या दिवशी. मग दोन्ही पुढाऱ्यांना नागपूरला बोलावलं. ते एकाच टेबलावर बसले, एकाच किटलीतला चहा प्याले आणि एकाच कागदावर सह्या करून आले. भुयाराच्या तोंडाला भिंत घातली. त्या दिवशी सगळे पेन्शनचं, बदलीचं बोलत होते. मी भिंतीकडे पाहत उभा होतो आणि मला एवढंच कळत होतं की आता 'खाली' उरलं नाही. मुखरूच्या तोंडून माझं नाव यायची जागा बुजवली होती.

नंतर वसाहत रिकामी होत गेली. बिलासपूरकडची मंडळी आपल्या गावाला गेली, कोणी पोरांकडे पुण्याला. माझी बायको रुखमा गेली. मुलगी स्वाती नागपूरला, रविवारी फोन करते, "बाबा, इकडे या" म्हणते आणि मी कधी येणार ते विचारत नाही. क्वार्टरांची दारं-खिडक्या लोकांनी काढून नेली. आमच्या रांगेत दिवा दोनच घरी लागायचा, माझ्या आणि त्या टोकाला मुखरूच्या. संध्याकाळी मी दाराशी उभा राहून त्याचा दिवा लागला का बघत असे. तोही बघत असावा. विचारणार कसं? एवढंसं विचारायला नीलाबाईला गेटवरून थोडंच बोलावणार?

खदानीची जमीन मात्र कंपनीनं सोडली नाही. ज्या कोळशासाठी आम्ही खाली जायचो त्याच कोळशासाठी आता वरून डोंगर खणतात. ठेकेदाराची मशिनं, ठेकेदाराचे डंपर, गेटवर ठेकेदाराचा गार्ड. डंपर चालवणारी मंडळी नीलाबाईकडे चहाला येतात. त्यातला पवन नावाचा एक जण, मूल गावाकडचा, बोलका. एकदा मी त्याला विचारलं, "तुमची युनियन नाई का रे?"

"युनियन मंजे बँक ना, काका?" तो म्हणाला.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला मुखरू हसायला लागला, आणि हसता हसता त्याला खोकला लागला. तो खोकला मग थांबलाच नाही. त्या हिवाळ्यात तो बाकावर बसायचा तो छातीवर हात ठेवूनच. डॉक्टरनं धुळीचं सांगितलं. धूळ आम्ही दोघांनी सारखीच खाल्ली होती, पण धुळीनं आधी लालला निवडलं.

एका सकाळी त्यानं चहा अर्धा ठेवला. "नीलाबाई," तो म्हणाला, "त्याले सांगा, मी गेलो त गेटवर नारा त्यानंच द्याचा."

नीलाबाई किटली धरून तशीच उभी राहिली.

"सांगा ना. आमच्यातला कोनी राह्यला नाई इथी. मले जंगलात नेऊन माती देतीन, ते बराबर हाय. पन आदी गेटवर थांबवाव लागते. नारा कसा राह्यते ते आता त्यालेच मालूम हाय."

नीलाबाईनं माझ्याकडे पाहिलं. "मुखरूभाऊ म्हंते का..." आणि ती किटली पुसायला लागली. इतक्या वर्षांत तिनं पहिल्यांदा निरोप अर्धा सोडला.

मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. शप्पथ. पण आमच्या बाकाला चांगलं बोलायची सवय नव्हती. मी म्हणालो, "त्याले सांगा, आधी मर त खरा."

मुखरू खूप हसला. खुश झाला होता, हे मला त्याच्या पाठीवरून कळत होतं. तो उठून काठी टेकत गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. संध्याकाळी त्याचा दिवा लागला नाही तेव्हा मी वसाहतीच्या त्या टोकापर्यंत गेलो. त्याच्या दारासमोर मी कित्येक वर्षांत उभा राहिलो नव्हतो. दार लोटलेलं होतं. मी हाक मारली, "मुखरू." आतून उत्तर आलं नाही.

त्याची पुतणी सोमारी दुसऱ्या दिवशी गावाकडून पिकअप घेऊन आली. बरोबर ड्रायव्हर आणि दोन नातेवाईक. ती मला "जोहार काका" म्हणाली. मुखरूच्या पेटीत वरच लाल झेंडा घडी करून ठेवलेला होता, इस्त्री केल्यासारखा. सोमारी त्याच्याकडे बघत राहिली.

"काका, हा गावात नेता येत नाई," ती हळूच म्हणाली. "तिकडं पोलीस इचारते. लाल पाह्यलं का बाकी काई पाहत नाई. आन तो नारा त तोंडातून काढाचाच नाई. आमच्या गावात त्या दोन शब्दांवर मानसं गेली हायेत, दोनी बाजूनं."

तिला दोष कसा देणार? मुखरूनं आयुष्यभर बूट आणि बत्तीसाठी जे शब्द ओरडले, तेच शब्द त्याच्या स्वतःच्या गावात जंगलातल्या बंदुकवाल्यांचे झाले होते. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाईपर्यंत शब्दाची जात बदलते.

"मंग इथीच," मी म्हणालो. "गेटवर थांबवू. थोडाच येळ."

पिकअप गेटवर थांबली तेव्हा ऊन चढलं होतं. दुपारच्या पाळीची मंडळी नीलाबाईकडे जमलेली. पिकअपचा मागचा फाळका खाली केला. मी झेंडा उघडला आणि मुखरूच्या अंगावर घातला. गार्ड लगबगीनं आला. "ओ काका, इथं गाडी नाही लावायची. डंपर निघतात."

"निघू दे त. तो काई उठून आडवा येत नाई," मी म्हणालो. गार्ड बाजूला झाला. माणूस वाईट नव्हता.

आता नारा. मी आयुष्यभर पत्रकं लिहिली, भाषणं केली, माईकची कधी भीती वाटली नाही. पण त्या उन्हात तोंड उघडायच्या आधी मी मुखरूकडे पाहिलं. मुखरूचा चेहरा झेंड्याबाहेर होता, तोंड एका बाजूला वळलेलं, नेहमीसारखं. आणि माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "नीलाबाई, त्याले सांगा..."

नीलाबाई पदर तोंडाला लावून शेजारीच उभी होती. "आता मी मंधात नाई, नानाजीभाऊ," ती म्हणाली. "आता तुमीच सांगा."

मी छाती भरून ओरडलो, "कॉम्रेड मुखरू आत्राम को..."

आणि थांबलो. नारा असाच असतो. ओरडणारा अर्धाच ओरडतो, बाकीचा अर्धा समोरच्यांचा असतो. त्या भरवशावरच मी आलो होतो, हे मला तेव्हा कळलं. 'लाल सलाम' मला म्हणायचंच नव्हतं. ते लोक म्हणणार होते. पण लोक कुठं होते? सोमारी खाली बघत होती. नातेवाईक गाडीच्या चाकाकडे बघत होते. एक डंपर धूळ उडवत गेला. मी असा एकटा कधीच पडलो नव्हतो. रुखमाला पोचवून घरी आलो त्या दिवशीही नाही.

मी पुन्हा ओरडलो. आवाज फाटला. "कॉम्रेड मुखरू आत्राम को..."

"जिंदाबाद!"

बाकाजवळून आलं. पवन होता. हातात चहाचा ग्लास, दुसरा हात वर. आपण मदत केली म्हणून चेहरा खुललेला. त्याचं बघून आणखी चार-पाच जण म्हणाले, "जिंदाबाद!"

माझं डोकं फिरलं. "अरे, मेलेल्या मानसाले जिंदाबाद म्हंतेत का, लेकहो? जिंदाबाद मंजे जगत राहा. अक्कल हाय का नाई?"

पवनचा हात खाली आला. "आमाले तेवढंच येते, काका. निवडणुकीत म्हनाले लावते ते." मग त्यानं ग्लास बाकावर ठेवला आणि जवळ आला. "मंग काय म्हनाचं असते? तुमी सांगा. आमी म्हंतो."

बाकीचेही त्याच्या मागे आले. उभे राहिले, टोप्या काढून. मी सांगेपर्यंत ते म्हणणार नव्हते, आणि माझ्याशिवाय सांगणारा कोणी नव्हता. मी मुखरूकडे पाहिलं. हा गडी मेल्यावरही मला पेचात पकडून मजा बघत होता. मोठ्या संपापासून या दोन शब्दांविरुद्ध मी इतकी पत्रकं लिहिली होती की तेवढ्या कागदात वसाहतीची वर्षाची रद्दी झाली असती. मी सोमारीकडे पाहिलं. ती म्हणाली, "म्हना काका. इथी म्हनून घ्या."

"लाल सलाम," मी म्हणालो.

हळूच म्हणालो, शेजारी बसलेल्या माणसाला सांगावं तसं. आणि म्हटल्यावर मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, कारण ज्याच्यापासून लपवायचं तोच राहिला नव्हता.

मग तिसऱ्यांदा मी ओरडलो आणि त्या मंडळींनी पुढचं म्हटलं. एकदम नाही, मागेपुढे, काहींनी 'सलाम' तेवढंच. गार्डनंही म्हटलं. पण गेटला ऐकू गेलं.

सोमारीनं झेंडा स्वतः काढला, घडी केली आणि माझ्या हातात दिला. "हा इथीच राहू द्या, काका." मुखरूवर तिनं घरचं पांढरं कापड ओढलं. पिकअप निघाली, वळणावर दिसेनाशी झाली. पाळीचा भोंगा झाला, पण पवन गेला नाही. मी बाकावर टेकलो तसा माझ्याजवळ येऊन बसला, मुखरूच्या टोकाला नाही आणि मधल्या रिकाम्या जागेतही नाही, जमिनीवर उकिडवा.

"काका, तुमी त्यायच्याच युनियनचे होते काय?"

"नाई. मी पिवळ्या युनियनचा."

"मंग तुमचा नारा काय? सांगून ठेवा. मंजे..." तो अडखळला. "मंजे बखत आली त आमाले येत पाह्यजे. आज कसं झालं ना."

वाईट बोलला नाही. काम समजून घेत होता. मी सांगायला तोंड उघडलं. आमचे नारे मला पाठ होते, निम्मे तर मीच जुळवले होते. एकेक मनात आणून पाहिला. पुढारी आगे बढो. पुढाऱ्याचा विजय असो. पुढाऱ्याचे हात बळकट करा. मी सगळे तपासले, पुन्हा तपासले. मेलेल्या कामगारासाठी आमच्यात एकही नव्हता. आमच्यात हार यायचा, आणि तो पाठवणारा मॅनेजर कधीचाच बदली होऊन गेला.

नीलाबाई माझ्याकडे बघत होती. मुखरू असता तर तिच्या मार्फत आता काय बोलला असता, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

"काका? काय म्हनाचं?"

मी झेंड्याची घडी मांडीवर सरळ केली.

"मघा म्हटलं ना तुमी," मी म्हणालो. "मले जिंदाबादच म्हनजा."